पेशंट घसरला
दुर्बिणीतून करायच्या शस्त्रक्रियेचा सराव घरी व्हावा म्हणून बाबांनी डॉक्टर लेकीला आंब्याच्या खोक्याला भोकं पाडून दिली होती. वर ठेवलेल्या मोबाइलमध्ये बघत तिनं लांब चिमट्यांनी आतले चवळीचे दाणे उचलून वाटीत टाकायचे. दाणा पडला की बाबा ओरडायचे, "डॉक्टर, पेशंट घसरला!" बाबा गेल्यापासून कोपर स्टेशनजवळच्या घरात खोकं माळ्यावर पडून होतं. उद्या तिची पहिली शस्त्रक्रिया होती. आईनं खोकं खाली काढलं. "चवळी संपलीय गं," म्हणत तिनं डबीतून आपलं उतरवलेलं मंगळसूत्र काढलं, दोरा कापला आणि काळे मणी खोक्यात ओतले. "आई, अगं..." "नुसतं ठेवून काय करू? उचल." लेकीनं चिमटा धरला. एक मणी वाटीच्या काठापर्यंत आला नि निसटला. मग आईच पुटपुटली, "डॉक्टर, पेशंट घसरला."