त्रेसष्ट कोटी त्रेपन्न लाख अठरा हजार सहाशे सत्तावन्न

"माझ्या पोरीचा आकडा पुरता न तपासताच तुम्ही लोकांनी तिला गुणहीन ठरवलंत," संख्या कचेरीच्या खिडकीत मंदा कोष्टी म्हणाली.

जन्मताना मिळालेल्या आकड्यात काही वेगळेपण सापडलं, तरच मुलाचं नाव शाळेत घालत. ऊर्मीच्या आकड्यात कचेरीच्या यंत्राला काहीच सापडलं नव्हतं.

"बाई, शिकलाय किती?" कारकुनाने विचारलं.

"सातवी. तुमचं यंत्र वर्ग नि घन तपासून थांबतं, तुमच्याच पावतीवर छापलंय. मी पुढे गेले."

यंत्रमागावरची पाळी सांभाळून तिने एक ते एकशे अठ्ठावन्न या सगळ्या आकड्यांचे चौथे घात हाताने काढले होते. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर मांडलेले ते हिशेब तिने पुढे सरकवले. एकोणसाठ आणि एकशे अठ्ठावन्न यांच्या चौथ्या घातांची बेरीज ऊर्मीचा आकडा होता. एकशे तेहेतीस आणि एकशे चौतीस यांचीही तीच.

"दोन वाटांनी येणारा असा आकडा याच्याआधी एकही नाही. सगळ्या जोड्या पाहिल्यात मी."

कारकुनाने दोनदा बेरीज केली आणि ऊर्मीचं नाव शाळेच्या यादीत घातलं.

मंदा ताठ मानेने उभीच राहिली.

"आता याच खिडकीतून परत धाडलेल्या बाकीच्या पोरांचे आकडे कोण तपासणार, ते सांगा."