सहा कॉलेजांची एकी

“आम्ही रविवारी खेळत नाही,” हारमेन फेल्डकाम्प म्हणाला आणि त्याने ताटातल्या बटाट्याला काटा टोचला, जणू रविवार त्यातच लपून बसला होता.

आणि आम्ही शनिवारी नाही, ड्वेन पेटिसने लगेच आठवण करून दिली. ड्वेनच्या अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या कॉलेजचा देव शुक्रवारी सूर्य मावळला की विश्रांती घ्यायचा, तो शनिवारी सूर्य मावळल्यावरच उठायचा. हारमेनच्या डच पंथाच्या कॉलेजचा देव रविवारी झोपायचा. बुधवारची संध्याकाळ बॅप्टिस्टांच्या प्रार्थनासभेची. युद्ध न मानणाऱ्या मेनोनाइटांना कोणताही वार चालत होता, पण सामन्याआधी राष्ट्रगीत वाजणार असेल तर ते बसमधून उतरणार नव्हते. मेथडिस्टांची कशालाच हरकत नव्हती, म्हणून त्यांच्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

मार्लिस ट्वेट सगळ्यांना कॉफी वाढत होती. नेब्रास्कातल्या एका छोट्या ल्यूथरन कॉलेजची ती क्रीडा संचालक; टेबलाभोवतीचे बाकी पाचही आपापल्या कॉलेजचे. या पाच कॉलेजांना आपल्याबरोबर एका लीगमध्ये आणायला तिने दोन वर्षं घालवली होती. सहा कॉलेजं जमली, तरच लीगच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळते. पाच जमली तर काहीच मिळत नाही. गेल्या हंगामात तिच्या व्हॉलीबॉलच्या मुली एकही सामना हरल्या नव्हत्या, आणि राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी होस्टेलच्या टीव्हीवर बघितली होती. यंदाही तसंच झालं तर दुसऱ्या कॉलेजात जाऊ, असं त्यांच्यातल्या चौघींनी तिला सांगून टाकलं होतं.

तिने किटली खाली ठेवली. वारांचं नंतर बघू, म्हणाली. आधी एक गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे. आजूबाजूच्या राज्यांत लीगा कशा फुटतात ते सगळ्यांनी पाहिलं होतं. आज एकत्र जेवायचं, उद्या दुसऱ्याच्या गळ्यात गळा.

“ज्याला दुसरीकडे जायचंय त्याने आत्ताच उठावं. माझ्या पाठीमागे फोनाफोनी केलेली मी खपवून घेणार नाही.”

कुणी उठलं नाही. सहाही जणांनी एकमेकांचे हात हातात घेतले. हारमेनने तर डोळेही पुसले. ते मोहरीच्या तिखट सॉसमुळे असावं.

गुरुवारी तिला फोन आला. गॉर्डन स्लेटर, सँडहिल्स लीगचा आयुक्त. सँडहिल्स म्हणजे जुनं, वजनदार नाव. मार्लिसच्या कॉलेजने तीनदा अर्ज केला होता आणि तीनदा ‘जागा नाही’ असं उत्तर आलं होतं. आता जागा झाली आहे, स्लेटर म्हणाला. राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश, याच हंगामापासून. फक्त दोन दिवसांत सांगा, आणि कुठे बोलू नका.

मार्लिसला दोन दिवस लागले नाहीत. सोडून जाऊ म्हणणाऱ्या मुली तिला समोर दिसल्या, मग हारमेनचे ओले डोळे दिसले; पण डोळे दोनच होते, आणि मुली चौघी होत्या. तिने हो म्हटलं.

मग तिने बाकीच्या पाचांसाठी माफीचं पत्र लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि पाठवायचं पुढे ढकलत राहिली. नवल म्हणजे इतके दिवस झाले तरी त्यांच्यापैकी एकानेही फोन करून लीगचं काय झालं असं विचारलं नाही. तिला हायसं वाटलं. किती समजूतदार माणसं, आणि आपण अशा माणसांना दगा दिला, असं वाटून तिला आणखी वाईटही वाटलं.

सँडहिल्सची बैठक ओमाहातल्या एका हॉटेलात होती. मार्लिसने नवा कोट घातला होता. दार ढकललं, तर समोर हारमेन डोनट खात होता. त्याच्या पलीकडे ड्वेन. मग बॅप्टिस्ट, मेनोनाइट, मेथडिस्ट. डोनट हारमेनच्या तोंडातच राहिला.

“तू पण?” तो म्हणाला.

मार्लिसने खुर्ची ओढली आणि ती बसली.

स्लेटर हसतमुखाने आत आला. त्याने सहाही जणांचं स्वागत केलं. बाकीचे सभासद कधी येणार, असं मार्लिसने विचारलं, तेव्हा त्याने टायची गाठ जरा सैल केली.

“बाकीचे वसंतातच सोडून गेले, मोठ्या लीगमध्ये. आमच्याकडे नाव आहे, करंडक आहे, राष्ट्रीय स्पर्धेतली जागा आहे. कॉलेजं तेवढी नव्हती.”

हारमेनने घास गिळला आणि खालमानेने विचारलं, “ड्वेन, तुला सोमवार जमेल का रे?”

जेवणाआधी सगळं वेळापत्रक ठरलं. एकमेकांच्या तोंडाकडे बघायची कुणाची छाती नव्हती, म्हणून सगळे कॅलेंडरकडे बघत होते.