गेटपासवरचं नाव

"वहिनी, नाव सांगा. नावाबिगर कुणाला हाक मारू?" गेटवरच्या भुजंगनं तिसऱ्यांदा विचारलं.

साखराबाईनं पदर तोंडाशी धरला. "आमचे मालक हो. भट्टीवर हायत. उंच हायत, डाव्या भुवईवर वण हाय."

"मंग वणाला हाक मारू का? उखाण्यात तरी घ्या. आमी टाळ्या वाजवतो."

"भुजंग! थोबाड बंद कर अन् मागच्या गेटवर जा," त्रिंबक ओरडला.

त्रिंबक भंगार वितळवणाऱ्या या कारखान्याचा हेडगार्ड. हाताखाली चार गार्ड. ही बाई कुणाची हे भुजंगला ठाऊक नव्हतं, त्याला ठाऊक होतं. सकाळी दहाला भट्टी फुटली होती. पाच जण भाजले, त्यांना जालन्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सहावा भट्टीच्या तोंडाशीच उभा होता. त्याला ताडपत्रीत बांधून नेलं. धमाका ऐकून वस्तीतल्या बाया गेटवर धावल्या होत्या. कुणाचा माणूस चालत बाहेर आला, कुणाचा दवाखान्यात आहे असं कळलं. एकेक करत सगळ्या गेल्या. बाराच्या उन्हात आता ही एकटी उरली होती.

ताडपत्रीतला माणूस हिचा नवरा होता. रामकिसन, पिंपळगाव रेणुकाईचा. पण कारखान्यात रामकिसन नावाचा माणूस कधी नव्हताच. ठेकेदाराकडं नवा पास नव्हता, म्हणून काम सोडून गेलेल्या धर्मराजचा पास त्यानं रामकिसनला दिला. पासवरचा फोटो धुरकट हातांनी कधीच काळा झालेला. पहिल्या दिवशी त्रिंबकनंच त्याला गेटवर शिकवलं होतं, "नाव विचारलं की धर्मराज म्हणायचं. चुकूनबी खरं नाव बोलायचं न्हाई." असे अजून दहा-बारा होते. गरजवंत माणूस तेवढा आत घ्यायचा. त्याचं नाव गेटबाहेर काढून ठेवायचं, चपलेसारखं. ह्याला सगळे मिळून 'सोय' म्हणत.

मॅनेजर अण्णासाहेबांनी दोन तासांत सगळं जुळवलं होतं. खरा धर्मराज भोकरदन रस्त्यावर पंक्चर काढत बसायचा. त्याला तिथून उचलून आणून ऑफिसात खुर्चीवर बसवला होता. म्हणजे धर्मराज जिवंत. मग मेला तो कोण? भंगार चोरायला भिंतीवरून शिरलेला अनोळखी चोर.

"तू बोलायचं न्हाई, त्रिंबक," अण्णासाहेब म्हणाले होते. "पास तपासायचं काम तुझं. बोललास तर आधी तू आत जाशील."

या धमकीत खोटं काही नव्हतं. म्हणून त्रिंबकला वाटत होतं, हिनंच बोलावं. फौजदारासमोर एकदा 'रामकिसन' म्हणावं. मग हा रामकिसन सकाळी या गेटातून आत आला आणि गेला कुठं, हे फौजदाराला शोधावंच लागेल. ताडपत्रीला नाव मिळेल. आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. भेकड माणूस असाच असतो. धाडस त्याला दुसऱ्याकडून पाहिजे असतं, तेही एखाद्या बाईकडून.

तो तिच्याजवळ गेला. "वहिनी, फौजदार साहेब येऊन राह्यले. ते विचारतील तवा मालकाचं नाव घ्या. बिलकुल लाजू नका."

"असं कसं बोलता, भाऊ? सवाशिणीनं धन्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं."

"आजच्या दिवस घ्या. लई गरज हाय."

"गरज हाय म्हणून मारू का त्यांना?"

मेलाय माय तो, सकाळीच मेलाय. एवढं मनातल्या मनात म्हणून त्रिंबक रस्त्याकडं बघायला लागला.

फौजदार आला. उन्हानं वैतागलेला, जेवायचा राहिलेला. मागं अण्णासाहेब.

"बोल बाई, नवऱ्याचं नाव काय?"

साखराबाईनं त्रिंबककडं पाहिलं. त्यानं मान हलवली. घे. घे गं माय.

ती खाली बघत राहिली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. फौजदार हातावरच्या घड्याळाकडं बघायला लागला. आणि एकाएकी तिचा चेहरा मोकळा झाला. तिनं पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं,

"धर्मराज!"

त्रिंबकनं गेटचा गज धरला.

फौजदारानं अण्णासाहेबांकडं पाहिलं. दोघं ऑफिसात गेले. चहा पिण्याएवढा वेळ गेला. फौजदार कागदाची घडी करत एकटाच बाहेर आला.

"घरी जा बाई. तुझा धर्मराज धडधाकट आहे. आत्ता माझ्याशी बोलला."

जीप सुरू झाली. भुजंग मागच्या गेटवर होता, त्यामुळं हे गेट त्रिंबकलाच उघडावं लागलं. जीप हळू झाली. काच खालीच होती. फौजदाराचा कान त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर होता. त्रिंबकनं सलाम ठोकला.

गेट लावून तो वळला तर साखराबाई त्याच्या पायाशी वाकलेली. तो मागं सरकला. ती रडत होती आणि हसतही होती.

"जीवच काढला व्हता तुमी माझा. नाव घ्या, नाव घ्या! मंग मला आठवलं. तेच म्हणले व्हते, कारखान्यात मला धर्मराज म्हणतात. म्हणलं, हे काय त्यांचं नाव न्हाई. हे घेतल्यानं काय होतंय?"

तिनं डोळे पुसले. भिंतीच्या सावलीत, गेटकडं तोंड करून, ऐसपैस बसली.

"भाऊ, ते बाहेर आले की तेवढं सांगा बरं का. म्हणावं, लई जबरदस्ती झाली, पर तिनं तुमचं नाव घेतलं न्हाई."