पंधरा की पन्नास

निंबा धावतच ग्रंथालयात शिरला तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. टेबलावर चिठ्ठी ठेवत तो म्हणाला, "ताई, मनी पोर शे. सात वरीसनी. फवारानं औषध पी गयी."

नियतकालिकांच्या विभागात लिलाबाई तायडे एकट्याच होत्या. चिठ्ठी जळगावातल्या डॉक्टरांची होती. वर फवारणीच्या औषधाचं नाव आणि खाली घाईघाईत लिहिलेलं: 'या विषावरच्या उताऱ्याबद्दल चार-पाच वर्षांपूर्वी एका इंग्रजी नियतकालिकात लेख आला होता. उतारा मिळाला आहे, मात्रा आठवत नाही. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर तीच मारेल. तीन वाजेपर्यंत हवी. दवाखान्याचा फोन बंद आहे.'

"नियतकालिकाचं नाव?"

निंबानं चिठ्ठीवरच बोट ठेवलं. त्याला वाचता येत नव्हतं.

विद्यापीठ नवं होतं, निम्मी कपाटं रिकामी होती. तरी जगभरच्या लेखांचा गोषवारा देणारे जाडजूड खंड तेवढे आले होते. लिलाबाईंनी अठ्ठ्याऐंशी सालचा खंड काढला. सूचीत त्या विषाचं नाव नव्हतं. एकोणनव्वदमध्ये होतं, पण तो लेख पिकांवरचा निघाला. निंबा समोर उभा राहून प्रत्येक पानाबरोबर मान हलवत होता. नव्वदच्या सूचीत बारीक अक्षरात एक ओळ सापडली. नियतकालिक, खंड, पान. गोषवारा चार वाक्यांचा, मात्रेचा आकडा त्यात नव्हता.

"सापडनं?" निंबानं विचारलं.

"लेख सापडला. पण तो आपल्याकडे नाही."

त्याला ते कळलं नाही. "सापडनं ना? मग द्या ना."

कोणतं नियतकालिक कुठे येतं, त्याची यादी लिलाबाईंनी चाळली. पुण्याच्या एका ग्रंथालयात येत होतं. तिथे त्यांच्या वर्गातला मोतीलाल नोकरीला होता. फोन ऑफिसात होता, त्याच्या डायलला कुलूप होतं आणि किल्लीवाले साहेब जेवायला घरी गेले होते.

"धनसिंग, कुलूप तोडा," लिलाबाई म्हणाल्या.

शिपायानं एकदा त्यांच्याकडे, एकदा निंबाकडे पाहिलं आणि पेपरवेट उचललं.

पहिल्या सहा वेळा एक गोड आवाज हिंदीत सांगत राहिला की या मार्गावरच्या सगळ्या लाइनी व्यस्त आहेत. सातव्यांदा पुणे लागलं. मोतीलाल खंड आणायला गेला. लिलाबाई घड्याळाकडे बघत रिसीव्हर कानाशी धरून उभ्या होत्या. दोनला दहा मिनिटं कमी होती.

मोतीलाल परत आला आणि वाचू लागला. त्या लिहू लागल्या. उतारा शिरेतून द्यायचा. सावकाश द्यायचा. दर तासाला नाडी बघायची. मग मात्रा, मिलिग्रॅममध्ये: वजनाच्या प्रत्येक किलोमागे फिफ्टी... आणि खरखर. लाइन कटली.

फिफ्टी की फिफ्टीन? शेवटी 'न' होता की नुसती खरखर होती? पन्नास की पंधरा?

"व्हयनं ना ताई?" निंबानं कागदाला हात घातला.

लिलाबाईंनी कागद मागे ओढला. "थांबा. एक आकडा राहिलाय."

"बाकी बठ्ठं शे ना? डॉक्टर समजी लेतीन. द्या ताई, टाईम नही शे."

"हे असं नेलंत तर पोर जाईल!" त्या ओरडल्या.

निंबा मटकन खाली बसला. त्यानं लिलाबाईंचे पाय धरले. त्यांनी पाय सोडवले नाहीत, डायल फिरवत राहिल्या. तोच गोड आवाज. पुन्हा तोच. धनसिंग न सांगता बाहेर धावला आणि रिक्षा थेट पायरीपाशी घेऊन आला. बोट दुखायला लागल्यावर त्या पेन्सिलीनं डायल फिरवू लागल्या.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी पुणे लागलं.

"आकडा! नुसता आकडा सांग. मराठीत."

"पंधरा. एकावर पाच."

त्यांनी आकड्यात लिहिलं, अक्षरात लिहिलं, खाली रेघ मारली. कागद निंबाच्या मुठीत दिला. तो उठला आणि पळत सुटला.

"लिला, आहेस का?" मोतीलाल विचारत होता.

"आहे. त्या लेखात रुग्ण किती होते रे?"

"नऊ."

"वाचले किती?"

पान उलटल्याचा आवाज आला. बाहेर रिक्षा सुरू झाली.

"चार. शेवटचा परिच्छेद त्यावरच आहे. सांगतो, लिहून घे."

"नको," लिलाबाई म्हणाल्या. "कागद गेला."