चतुराबाईचा भोंगा

“हाऽऽ हाऽऽ… आवं, आडवं काय पडलाय? कडंला भोरड्या बसल्यात बगा.”

धोंडीबा बाजेवरून ताडकन उठला. पायात चपला सरकवल्या, चार पावलं गेला आणि थांबला. चतुराबाई तर सकाळीच लासुर्ण्याला भाचीच्या साखरपुड्याला गेली होती. ओरडत होता तो भोंगा.

भोंगा त्यानेच बारामतीच्या बाजारातून आणला होता. भाजीवाले गाडीवर लावतात तसला. एकदा आवाज भरला की थांबून थांबून दिवसभर तेच तेच बोलत राहतो. ज्वारी हुरड्यात आली होती. भोरड्यांचे थवे उतरत होते आणि गोफण फिरवून धोंडीबाचा खांदा गेला होता. हिवाळ्यातलं ऊन, पोटात भाकरी, लिंबाजवळ टाकलेली बाज. एक दुपार निवांत झोपावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

आवाज चतुराबाईचा भरला, कारण धोंडीबाच्या आवाजाला पाखरं भीत नव्हती. ती भोंग्यात ओरडत असताना हा बाजेवर कलंडला. तिने ते पाहिलं आणि जे बोलायचं ते बोलली. तेही भोंग्यात गेलं. पुन्हा भर म्हटल्यावर म्हणाली, “एकदा वरडले. माजा घसा काय भाड्यानं आणल्याला न्हाय.”

तो पुन्हा आडवा झाला. डोळा लागतोय तोच भोंगा बोलला आणि पाय आपोआप खाली आले. असं पाच वेळा झालं.

सहाव्या वेळी बांध ओलांडून गेणू आला. शेजारच्या कांद्यात त्यानेही पोतं अंथरलं होतं.

“तात्या, काकू कुठं हायत?”

“लासुर्ण्याला.”

“मग मी कुणासाठी उठतोय? माजं तीनदा झालं.”

गेणूने भोंग्याची कळ दाबली. रान गप्प झालं. धोंडीबा बाजेवर पसरला, गेणू खाली मातीतच. तेवढ्यात अंगावरून सावली सरकली आणि शे-दोनशे भोरड्या ज्वारीवर उतरल्या.

“लावा, लावा,” गेणू म्हणाला.

धोंडीबाने कळ दाबली. चतुराबाई गरजली. थवा उठला आणि कालव्यापलीकडे गेला.

“आवाज बारीक करू का?” धोंडीबाने विचारलं.

“मग त्यास्नी ऐकू जायचं न्हाय.”

धोंडीबा भोंग्याकडे बघत बसला. तो पुन्हा बोलला तसा म्हणाला, “गेणू, ती काय म्हणतीया?”

“आडवं पडू नका म्हणत्यात.”

“बसू नका म्हणतीया का?”

गेणूने पुढच्या वेळी कान देऊन ऐकलं. “न्हाय. बसण्याचं काय न्हाय त्यात.”

चार वाजता चतुराबाई परतली. तिचा आवाज तिला रस्त्यापासूनच ऐकू येत होता. लिंबाच्या बुंध्याला दोन बाजूंनी पाठ लावून धोंडीबा आणि गेणू ताठ बसले होते. टोप्या डोळ्यांवर, हात मांडीवर. दोघंही घोरत होते. भोंगा बोलला, तरी कुणी हललं नाही.

तिने ज्वारीची कड फिरून पाहिली. कणसं भरलेली होती. बोलायला काही सापडलं नाही.

पहाटेपासून ती उभी होती. लासुर्ण्यात दीडशे माणसांच्या पंगती वाढल्या होत्या. बाज मोकळी होती आणि उन्हाने ऊबदार झाली होती. तिने पिशवी उशाला घेतली आणि अंग टाकलं.

“आवं, आडवं काय पडलाय?”

“गप गं भवाने,” चतुराबाई म्हणाली आणि पदर तोंडावर ओढून घेतला.