पलंगामागची डबी

कल्पना करा, मुलांनो, की तुम्ही भिंतीजवळ पालथे पडला आहात. गाल गार फरशीला टेकलाय, आणि पलंगामागच्या प्लगमध्ये खोचलेल्या एका पांढऱ्या डबीकडे तुम्ही टक लावून बघताय. जव्हारच्या एका घरात दिवेलागणीला तानी अगदी अशीच पडली होती.

“कुठला दिवा?” खुर्चीतून भास्करआजोबांनी विचारलं.

“लालच.”

“डोळे नीट उघड, इंजिनीअरीणबाई.”

“उघडेच हायेत. लाल तो लालच दिसणार ना!”

तानी जामसर गावची. शाळेसाठी मीनाआत्याकडे राहायची, आणि आत्या आजोबांच्या खालच्या खोल्यांत भाड्याने. तानीचे आय-बा भात झोडून झालं की कामाला भिवंडीकडे जात. यंदाही गेले होते.

आजोबा वरच्या मजल्यावर एकटेच. त्यांचा मुलगा केयूर परदेशात. मागच्या खेपेला आला तेव्हा त्याने वर मोठ्या पडद्याचा संगणक बसवला. इंटरनेटची तार खालपर्यंतच आलेली, आणि वायफाय काही स्लॅबमधून वर पोचेना. म्हणून त्याने दोन डब्या आणल्या. एक खालच्या प्लगमध्ये, एक वरच्या. भिंतीतल्या विजेच्या वायरीतूनच नेट वर चढायचं. जोडणी लागली की डबीवरचा दिवा हिरवा, नाही लागली की लाल.

“बाबा, रोज संध्याकाळी दिसेन,” असं तो म्हणाला होता.

काही दिवस दिसलाही. मग पावसाळा लागला आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरू लागलं. कधी अर्धं पान उघडे, कधी तेही नाही.

“तो लावत असणार गं,” आजोबा म्हणत. “लागत नसणार. मोबाईलला तरी या घरात रेंज कुठंय?”

तानीला ते पटायचं. तिचा बासुद्धा फोन लावायचा आणि लागायचा नाही. पण रविवारी आत्याबरोबर शिरपामाळावर चढलं, की आत्याचा फोन टिंग टिंग करत सुटायचा. बाने आठवडाभर लावलेले सगळे फोन एकदम उतरायचे.

“एकपण वाया नाय जात, आजोबा,” तिने सांगितलं होतं. “रेंज आली का सगळे मोजून येतात.”

ते ऐकून दुसऱ्याच दिवशी आजोबांनी दुरुस्ती मनावर घेतली.

आजोबा मास्तर होते. घाई त्यांना ठाऊक नव्हती. “एका वेळी एकच गोष्ट बदलायची,” ते म्हणाले. “दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.”

आधी वरची डबी एक्स्टेन्शन बोर्डातून काढून थेट भिंतीत लावली. दिवा लाल. मग शेजारचा मोबाईलचा चार्जर काढला. लाल. मग खालचा फ्रिज थोडा वेळ बंद केला.

“आत्याचं दूध नासलं तं मार तुम्ही खायचा,” तानीने बजावलं.

“खाईन. दिवा बघ.”

लाल.

आजोबा काठी टेकत जिन्याच्या तोंडाशी आले आणि थांबले. तिथे भिंतीवर एक काळं फिरतं बटण होतं.

“हे काय आहे, सांग.”

“फेजचं बटण. लाइट गेली का फिरवायचं.”

“बरोबर. एक फेज गेला की दुसऱ्यावर टाकायचं. अख्खं जव्हार तेच करतं. मीही पावसात वरच्या मजल्याचं फिरवलं होतं.”

“मंग परत नाय आणलं?”

“लाइट होती ना. कशाला आणतोय? आता विचार कर. खालचा मजला एका वायरीवर, वरचा दुसऱ्या. काय होईल?”

तानीने डोकं खाजवलं. “आमच्या खाचरात दोन पाट हायेत. एका पाटात पानी सोडलं तं दुसऱ्या पाटातून कसं निघंल?”

आजोबा हसले. कितीतरी दिवसांनी. “फिरव मग. मी उभा आहे म्हणून हं, एरवी हात लावायचा नाही. क्षणभर अंधार होईल, घाबरू नकोस.”

खट्. अंधार झाला. लाइट आली. तानी धावत जाऊन पलंगाशी आडवी पडली.

“हिरवा! आजोबा, हिरवा!”

संगणक पुन्हा सुरू केला. या वेळी चक्र फिरलंच नाही. पान पटकन उघडलं, आणि खोलीत आवाज झाला. टिंग. टिंग. टिंग. टिंग.

“आला!” आजोबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. “चष्मा कुठं ठेवला मी? तू वाच गं, काय म्हणतोय तो?”

तानी वाचू लागली. मनातल्या मनात. गॅसचा नंबर लागला होता. कुणाच्या तरी मुलीचं लग्न होतं. बँकेची जाहिरात होती. एका जुन्या विद्यार्थ्याने दिवाळीचा नमस्कार केला होता.

मग तिने केयूरकाकाचा फोटो शोधला. फोटोशेजारी हिरवा ठिपका होता. म्हणजे या घडीला तोही आपल्या पडद्यासमोरच बसलेला होता. फोटोखाली पावसाळ्याआधीची शेवटची ओळ होती: ‘उद्या बोलू.’ त्याखाली काही नव्हतं, न लागलेला एक फोनही नाही.

ती थांबली. आणखी थोडी थांबली. पुन्हा टिंग झालं नाही.

“तानी?” आजोबांना चष्मा सापडला होता. सदऱ्याच्या टोकाने ते काचा पुसत होते. “किती वेळा लावलाय गं त्याने?”

तानी उठली आणि जिन्याच्या तोंडाशी, त्या काळ्या बटणाकडे गेली.

खट्. अंधार झाला. लाइट आली.

“नेट गेलं, आजोबा!” ती तिथूनच ओरडली. “लय वेळा लावलेला व्हता. मोजायच्या आधीच गेलं.”