कपावरचं फूल

तिसरी पाकळी टेकवली आणि दाराशी किल्ल्यांचा जुडगा वाजला. फिटरकाकांचा हात जागच्या जागी थबकला. नशीब, काकूंना हवी ती किल्ली कधी पटकन सापडत नसे. त्या पिशवीत चाचपडत, पुटपुटत, भलतीच किल्ली लावून बघत. तेवढ्यात काकांनी उरलेल्या दोन पाकळ्या उमटवल्या, मधला पिवळा ठिपका दिला, रंगाच्या डब्या हत्यारांच्या पेटीत पान्यांखाली दडवल्या, कप फळीवर ठेवला आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. काकू आत आल्या तेव्हा ते बातम्यांत बुडालेले होते. काकूंनी फळीकडे पाहिलंसुद्धा नाही. काकांना हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

ही चोरी सुरू झाली ती मुलीमुळे. चिनी मातीची भांडी रंगवण्याच्या वर्गाला ती जात होती आणि एका रविवारी आईवडिलांनाच शिकवायला बसली. नवशिक्यांनी ब्रशच्या नादी लागूच नये, असं तिचं म्हणणं. कानात घालायची कापसाची काडी घ्यायची, रंगात बुडवायची, गोलात पाच ठिपके टेकवायचे आणि मधे एक. झालं फूल. काकूंनी लगेच एका बशीवर वेल चढवली. काकांचा जन्म कारखान्यात नटबोल्ट आवळण्यात गेलेला, त्यांनी कापसाची काडीही आवळूनच धरली. तरी एका फुटक्या फरशीवर शेवटी त्यांना फूल जमलं. मुलगी पुढचं सांगणार एवढ्यात शेजाऱ्यांचा नळ गळायला लागला आणि काका पाना घेऊन तिकडे धावले. फूल तर आलं, आता आणखी ऐकायचं काय राहिलं, असा त्यांचा हिशोब.

मग एका सकाळी कोणी न सांगता त्यांनी काकूंच्या पांढऱ्या कपावर निळं फूल काढलं आणि त्यातच त्यांना चहा दिला. काकूंनी कप दोन्ही हातांत धरला. “माझ्यासाठी काढलंत?” एवढंच त्यांनी विचारलं. चहा निवून गेला तरी त्या फुलाकडेच बघत होत्या. बायकोचं शिलाई मशीन, कुकरची शिटी, कपाटाचं बिजागर, काकांनी काय काय नीट करून दिलं होतं. पण नुसतं बघून बरं वाटावं म्हणून उभ्या संसारात काही दिलं नव्हतं. हे त्यांना त्या सकाळी कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

दुपारी भांडी घासली गेली आणि कप पांढराफटक झाला.

काकांनी कप उजेडात धरून सगळीकडून फिरवून पाहिला. आयुष्यात एक वस्तू दिली, तीही अर्ध्या दिवसात धुऊन गेली, हे बायकोला कळलं तर काय तोंड दाखवायचं? काकूंचं लक्ष नसावं. संध्याकाळी त्या बाहेर पडताच काकांनी त्याच जागी तसंच फूल काढलं. दुसऱ्या दिवशी ते गेलं. त्यांनी पुन्हा काढलं. मग तो नेमच झाला.

सगळं त्यांच्या पथ्यावर पडत गेलं. गुडघ्यांना बरं म्हणून काकूंनी अलीकडे रोज संध्याकाळी फिरायला जायचं ठरवलं होतं. निळा रंग संपला तेव्हा काकांनी लाल फूल काढलं, तरी त्या काही बोलल्या नाहीत. एकदा हौसेने फुलपाखरू काढलं, ते छताच्या पंख्यासारखं दिसलं, त्यावरही चकार शब्द नाही. सकाळी चहा घेताना मात्र त्या कप हातात फिरवत बसायच्या. काकांना खटकायचं ते एवढंच, की बाकीची भांडी हलक्या हाताने घासणारी ही बाई या कपावर काथ्या असा चालवायची की ऐकणाऱ्याचं अंग शहारावं. जरा हळू, असं ओठांवर यायचं. पण चोराने बोलायचं कुठल्या तोंडाने?

रविवारी मुलगी आली. तिने फळीवरचा कप उचलला आणि तिचा अंगठा लाल झाला.

“बाबा, हा भाजला नाहीत?”

काकांना काही उमजेना. तेव्हा तिने ते त्या दिवशी राहून गेलेलं सांगितलं. रंग नीट वाळला की कप ओव्हनमध्ये ठेवून भाजायचा, मग कितीही घासला तरी फूल जात नाही. काकांनी चोरट्या नजरेने बायकोकडे पाहिलं. मग सगळंच सांगून टाकलं, अगदी पान्यांखालच्या डब्यांपर्यंत. मन हलकं झालं. आता एकदा नीट भाजलं की कायमची काळजी मिटली. मुलीने हसत हसत ओव्हनचं दार उघडलं आणि पुसटलेली पाकळी तेवढी ठीक करा म्हणून सांगितलं.

काकूंनी तिच्या हातातून कप काढून घेतला, नळाखाली धरला आणि काथ्याने खसाखसा घासून पांढरा केला.

मुलगी बघतच राहिली. भाजायचं तर आईला ठाऊक होतं, तिच्यासमोरच तर सांगितलं होतं, असं ती म्हणाली.

“ठाऊक होतं की,” काकू म्हणाल्या. “पण तेव्हाच भाजला असता, तर यांनी एकच फूल काढलं असतं.”

त्यांनी कप कोरडा पुसून काकांपुढे ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि किल्ल्या पिशवीत टाकल्या. दारातून वळून म्हणाल्या, “सावकाश काढा हो. तुमचं झाल्याशिवाय मला किल्ली सापडत नाही.”